तोफेचा भाव काय?

लातूर-नांदेडकडं छंद म्हणून पितळी तोफ खुशाल घडवावी. तिचा भाव सांगण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. पितळी सळई लेथवर चढवायची, नळीला उतार द्यायचा, भोक सरळ पाडायचं, वीतभर गाड्याच्या चाकांत एकेक आरा बसवायचा. रविवारमागून रविवार जातात. मग गिऱ्हाईक येतं, तोफ तळहातावर तोलतं आणि विचारतं, "पितळ काय किलो चालू हाय?"

मजुरी तासावर सांगितली, तर "छंदाचे कसले पैसे घ्यायलाव, काका?" नुसत्या मालाचे सांगितले, तर "एवढी स्वस्त? आतून पोकळ दिसतीय!" तोफ पोकळच असते, हे कोणी सांगावं? शेवटी वैतागून तिप्पट सांगावेत, की तीच तोफ 'कला' होते आणि शाल-श्रीफळासोबत कुण्या साहेबांच्या सत्काराला जाते. साहेबांचा प्रश्न एकच : "उडते का?"

खऱ्या तोफांनाही भाव कुठं आला? अहमदनगरात १५४९ साली ओतलेली, परांड्याहून विजापूरला गेलेली मुलूख मैदान तोफ इंग्रजांनी १८५४ मध्ये भंगार म्हणून लिलावात काढली. वजन सुमारे ५५ टन, सर्वांत मोठी बोली १५० रुपये! रक्कम फारच तोकडी वाटल्यानं विक्री रद्द झाली, म्हणून ती वाचली. त्या दरानं आमच्या अर्ध्या किलोच्या तोफा रुपयाला सातशेहून जास्त पडतात. गिऱ्हाईक तिथंही म्हणेल, "डझन घेतो, काहीतरी कमी करा."