वाघ्याला कणकण

वरवंडला कुत्रं आजारी पडलंय हे रात्री कळतं. पुणे-सोलापूर महामार्ग सोडून जरा आत आलं की ऊसच ऊस, आणि शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या असतो हे आता बालवाडीतली पोरंही सांगतात. त्यामुळे वस्तीवरचं कुत्रं भुंकलं तर माणूस कूस बदलतो. भुंकलं नाही तर उठून बसतो. आमचा वाघ्या रात्रभर गप्प होता. सकाळी त्यानं दूध-भाकरीला तोंड लावलं नाही. डोळे मलूल, अंग थरथरतंय, गोठ्याच्या कोपऱ्यात पडून.

माणसाच्या तापावर बोलायला डॉक्टर लागतो. कुत्र्याच्या तापावर बोलायला रिकामा हात पुरतो. शेजारच्या आबांनी वाघ्याच्या नाकाला बोट लावलं आणि निकाल दिला, "कोरडं हाय. ताप हाय." तेवढ्यात वाघ्यानं जीभ काढून नाक चाटलं. मागून आलेल्या काकूंनी हात लावला, "वलं हाय की! नाटकं करतंय." एकाच नाकावर दोन निकाल लागले आणि वस्तीत दोन पक्ष पडले. खरं तर नाकाला यातलं काही कळत नाही. झोपून उठलेल्या किंवा उन्हात लोळलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं पडतं आणि तापानं फणफणलेल्याचं ओलं असू शकतं.

मग हात पोटावर गेले. "लई कढत लागतंय!" लागणारच. कुत्र्याचं रोजचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ज्या आकड्यावर आपल्याला कामाची सुट्टी आणि वर मोसंबी मिळते, त्या आकड्यावर कुत्रं ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरमागे धावत असतं. त्याचा ताप धरायचा तो १०३ च्या पुढे.

उपचारही सुचू लागले. आजीनं जेजुरीचा भंडारा कपाळाला लावला. वाघ्या हे नाव खंडोबाच्या दरबारातलं, त्यामुळे त्याचा तो हक्कच होता, आणि भंडाऱ्यानं अपाय काही नाही. पुतण्या मात्र पॅरासिटामॉल घेऊन आला. "माणसाला चालती, मग ह्याला का न्हाई?" फोनवर जनावरांचे डॉक्टर ओरडले ते उसाच्या पलीकडे ऐकू गेलं असावं. ही गोळी कुत्र्याच्या यकृतावर आणि रक्तावर उठते. आयब्युप्रोफेन पोटात जखमा करते, मूत्रपिंडं बिघडवते. पाणी ठेवा, सावलीत राहू द्या, गोळी तुम्हीच खा, असं म्हणून ते निघाले.

डॉक्टर आले, तेव्हा गोठ्यात ग्रामसभेला भरत नाही एवढा कोरम होता. त्यांनी थर्मामीटर काढला. "तोंडात की काखेत?" आबांनी विचारलं.

"शेपटीखाली. शेपूट कोण धरतंय?"

क्षणात कुणाची मोटर चालू राहिली, कुणाचं दूध डेअरीला जायचं राहिलं, कुणाला तर कांद्याला पाणी द्यायचं आठवलं. नाकावर तासभर बोलणाऱ्यांपैकी शेपटीवर बोलायला कुणी उरलं नाही. शेवटी तोंडाकडून पुतण्या आणि शेपटीकडून मी. टोकाला व्हॅसलिन लावून थर्मामीटर इंचभर आत, तो 'पीं' वाजेपर्यंत वाघ्याला गोंजारायचं. आकडा आला १०४.

डॉक्टरांनी कान उलटे केले, बोटांच्या बेचक्या उघडल्या. गोचीड! गाईचा गोचीड ताप आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक, पण कुत्र्यालाही तो होतो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गोचीड रक्त पिताना एर्लिकिया, बबेसियासारखे जंतू अंगात सोडते. हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्त तपासायला गेलं आणि एर्लिकियाच निघाला. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं. ते काही आठवडे द्यायचं. कुत्रं भाकरी खायला लागलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही.

जाताना डॉक्टर म्हणाले, "एप्रिल-मेमध्ये उन्हात पळून आलेलं कुत्रं धापा टाकत कोसळलं, तर तो ताप नव्हे, उष्माघात. तिथं लगेच अंगावर पाणी, वारा आणि तडक दवाखाना. वाघ्यासारख्या तापात मात्र बर्फानं आंघोळ घालू नका. आणि आकडा १०६ कडे गेला तर कुणाचंही मत न घेता मला उठवा."

संध्याकाळी कोरम परत जमला. गोचीडच असणार, हे प्रत्येकानं सकाळीच ओळखलं होतं.

घरात आता वाघ्यासाठी वेगळा थर्मामीटर आहे. तो धुऊन, पुसून फळीवर ठेवलेला असतो. परवा मुक्कामाला आलेल्या दाजींना कणकण वाटली. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी फळीवरचा थर्मामीटर उचलून जिभेखाली धरलासुद्धा. 'पीं' वाजलं. ९८.४. "काही नाही, नॉर्मल आहे," म्हणत त्यांनी तो सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, "तुमचं काय मत?"

वस्तीच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणाला काही मत नव्हतं.