उणे पाण्यावर वल्हं कसं मारावं

गोड्या पाण्याच्या तळ्यात होडी वल्हवत मासे कसे धरावेत, हे शिकवणारी पुस्तकं पहिलं प्रकरण होडीवर लिहितात आणि तिथेच चुकतात. होडी, गळ, टोपी हे सगळं मागाहून बघता येतं. आधी तळं आहे का ते बघायला हवं. कॅनडात किंवा फिनलंडमध्ये हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथे हिमनद्यांनी जमीन खरवडली, हजारो खळगे पाडले आणि त्यात पाणी ठेवून त्या वितळून गेल्या. महाराष्ट्राच्या काळ्या कातळावर हिमनदीने कधी उपकार केले नाहीत. आकाशातून एक उल्का तेवढी आली, तिने लोणारला सुबक गोल खड्डा पाडून दिला, पण त्यातलं पाणी इतकं खारं की गळ टाकणाऱ्याच्या काही कामाचं नाही. बाकी ज्याला आपण तलाव म्हणतो ते कुणीतरी बांधलेलं असतं. भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आहेत. सरकारी कागदात ते ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि लोकांच्या तोंडी, दोन आद्याक्षरांच्या कृपेने, ‘मामा तलाव’. उरलेली सगळी धरणं. तेव्हा या मार्गदर्शनाचं म्हणणं एवढंच आहे की आपलं तळं निसर्गाने नसून खात्याने केलेलं आहे, आणि ज्याला त्यावर वल्हं मारायचंय त्याने पोहण्याच्याही आधी सरकारी आकडे वाचायला शिकावं.

सरावासाठी उजनीसारखं दुसरं धरण नाही. सोलापूर जिल्ह्यातलं, भीमेवरचं, १९८० साली पूर्ण झालेलं, ११७ टीएमसीचं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३१ कोटी. पण या ११७पैकी ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठा आहे, आणि टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या जिवंत पाण्याची. त्यामुळे पाणी मृतसाठ्याच्या खाली उतरलं की ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. आता उणे पन्नास टक्के पाण्यावर होडी तरंगेल का? आर्किमिडीजने शून्याच्या खाली या विषयात लक्ष घातलेलं नाही. सोलापूर जिल्ह्याचं उत्तर मात्र ठाम आहे: तरंगते. तेव्हाही धरणात तीसएक टीएमसी पाणी होतंच, म्हणजे पुण्याला पाणी देणारी चारही धरणं तुडुंब भरल्यावर होतं साधारण तेवढं. हिशेबात नसलेलं पाणी एवढं असतं. नवशिक्याने म्हणून टक्केवारी बघून घाबरू नये आणि टक्केवारी बघून धीरही धरू नये. काठ कुठवर सरकलाय तेवढं विचारावं.

हे पाणी येतं कुठून, हा दुसरा धडा. उजनीवर स्वतःचा म्हणावा असा पाऊस पडत नाही. तो पर्जन्यछायेचा मुलूख. मावळ-मुळशीत आभाळ फाटतं तेव्हा पाणी पुण्याच्या धरणांतून, मुळा-मुठेतून, भीमेतून खाली येतं. म्हणून उजनीच्या काठच्या भिगवणला निघणाऱ्याने आकाशाकडे बघण्यात अर्थ नाही, ‘दौंडचा विसर्ग किती क्युसेक’ हे बघावं. त्याच वाटेने पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही येतं, आणि उन्हाळ्यात पाणी आटून हिरवंगार होतं त्याचं बरंचसं श्रेय त्याला आहे. अशा पाण्याला गोडं म्हणायचं का, अशी शंका चिकित्सक वाचक काढील. मराठीत गोडं म्हणजे खारं नसलेलं, एवढाच अर्थ आहे. चवीची हमी भाषेने कधी दिलेली नाही. पुण्याहून शनिवारी पहाटे गाडीच्या टपावर कयाक बांधून निघणाऱ्या माणसाने उलट यात आपलेपणा पाहावा. त्याने पुढे पाठवलेलं पाणी त्याचीच वाट बघत थांबलेलं असतं.

आता होडी. कनू म्हटलं की शेजारचे कनूभाई आठवतात, पण तो गोंधळ लगेच मिटतो: कनू वरून उघडी असते, तिचं वल्हं एका पात्याचं, ते आधी या बाजूने मग त्या बाजूने मारायचं. कयाकमध्ये पाय पुढे लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं आलटून-पालटून बुडवायचं. कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची, सीलच्या कातड्याची, आणि ती शिकारीसाठीच होती. तेव्हा तिच्यातून गळ टाकणं हे नवं फॅड नाही, तिच्या पिढीजात धंद्याकडे परतणं आहे. इन्युइट माणूस ती स्वतःच्या अंगाच्या मापाने बांधायचा, वितीने, हाताने मोजून. आज प्लॅस्टिकची कयाक साच्यातून एकाच मापाची येते आणि मापात बसण्याची जबाबदारी माणसावर पडते. पोट सुटलेल्यांनी वर बसायची उघडी कयाक घ्यावी, गळवाल्यांसाठी तीच ठीक. तिचं वजन मात्र तीस किलोच्या आगेमागे जातं, आणि ते पाण्यावर जाणवत नाही, पाण्यापर्यंत जाताना जाणवतं. धरण मायनसमध्ये गेलं की पाणी गावापासून फार लांब पळतं आणि मागे गाळ ठेवून जातं. वरून सुकून भेगाळलेला, खाली लोण्यासारखा. त्यात पाय पोटरीपर्यंत जातो, बाहेर येताना चप्पल आतच राहते. परदेशी पुस्तकातलं ‘होडी हलकेच पाण्यात लोटावी’ हे वाक्य इथे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

त्याच गाळात शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. पाणी जसं मागे हटतं तसे ते चर खणतात, मोटार पुढे नेतात, पाइप जोडतात, केबल ओढतात. काठावरचा ऊस असा पाण्याचा पाठलाग करून जगवलेला असतो. आपण हातात धरलेली कार्बनची काठी विजेची उत्तम वाहक आहे, हे दुकानदार सांगत नाही. ती वरच्या तारेपासून आणि खालच्या केबलीपासून लांब ठेवावी. या पानावरची ही एकच सूचना अक्षरशः पाळण्यासारखी आहे, असं वाटत असेल तर आणखी एक पुढे आहे.

माशांविषयी लोकांची समजूत अशी की तळं बांधलेलं असलं तरी मासा तरी स्वतःचा स्वतः आला असेल. तेही तपासून घ्यावं. कटला, रोहू, मृगळ ही मंडळी साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींनी माशांच्याच पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली, आणि तेव्हापासून धरणात सोडायचं बीज हौदांत तयार होऊ लागलं. पिल्लं बोटाएवढी झाली की त्यांना ‘बोटुकली’ म्हणतात आणि मोजून सोडतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तीन मजली चाळीत बिऱ्हाडं वाटून द्यावीत तशी ही व्यवस्था. उरला चिलापी. तो आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणलेला. त्याला ना पूर लागतो ना इंजेक्शन. मादी अंडी तोंडातच उबवते, घाण पाणी चालतं, आणि उजनीत आज ज्याच्या-त्याच्या जाळ्यात तोच. म्हणजे पाणी खात्याचं, कटला हौदातला, चिलापी परदेशी. निसर्गाच्या सान्निध्यात आल्याची भावना ज्यांना हवीच आहे त्यांच्यासाठी डास मात्र स्थानिक आहेत; शिवाय हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, तेही याच गाळासाठी.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, ही सगळी साहेबी थेरं आहेत. ज्यांना असं वाटतं त्यांनी ‘मानसोल्लास’ उघडावा. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने इ.स. ११२९ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध केला आणि राजाच्या करमणुकींत ‘मत्स्यविनोद’ असं स्वतंत्र प्रकरण घातलं: माशांच्या जाती, त्यांना काय खाऊ घालावं, काठी कशी, दोरी कशी. कल्याणी उजनीपासून फार दूर नाही. कणकेची गोळी की भिजवलेली पेंड, हा वाद आपल्याकडे राजमान्य आहे. एक फरक मानला पाहिजे. सोमेश्वराला परवाना लागत नव्हता, आपल्याला लागतो. धरणातली मासेमारी ठेक्याने किंवा परवान्याने चालते, त्यावर मच्छीमार संस्थांची पोटं आहेत, आणि हौसेने आलेल्याने आधी त्यांना विचारावं. मासा धरून परत सोडणार असलात तरी विचारावं. ‘मी सोडून देणार आहे’ हे ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते दाद समजू नये.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. धरणाधरणांवर माणसं टायरच्या ट्यूबवर, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. कृष्णा-पंचगंगेच्या पुरात गुळाच्या काहिलीची नाव होते. मग एवढा खर्च कशाला? याला उत्तर आहे, पण ते आपल्या बाजूचं नाही. तराफ्यावरच्या माणसाला वाऱ्याची वेळ ठाऊक असते. उजनीचं पाणी कित्येक किलोमीटर सलग पसरलेलं, मध्ये अडवायला काही नाही. सकाळी ताटासारखं सपाट असतं आणि वळवाचं वारं सुटलं की पंधरा मिनिटांत समुद्र होतं. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. ती हौसेने निघालेली नव्हती; त्या गावांना पलीकडे जायचा तो रस्ता होता. वर म्हटलेली दुसरी सूचना ही: जीवरक्षक जाकीट बसायच्या उशीसाठी नसतं, ते अंगात घालून पट्टे आवळावेत, आणि ढग दिसायच्या आत काठाला यावं.

राहता राहिलं गळ कुठे टाकावा. मासे उघड्या पाण्यात रेंगाळत नाहीत. त्यांना बुडालेली झाडं, दगडांचे ढीग, खोलीत अचानक पडणारा फरक, असा आडोसा लागतो. परदेशात तो शोधायला पडद्यावर तळ दाखवणारं यंत्र घेतात. उजनीत हा आडोसा तयारच मिळतो, कारण पन्नासांहून अधिक गावं खाली आहेत. बाभळी आहेत, गावकुसं आहेत, जोती आहेत. पळसदेवचं हेमाडपंती देऊळ पाणी उतरलं की शिखरापासून हळूहळू वर येतं. त्याच्या खांबाला होडी बांधू नये. यंत्रावर पैसे घालण्यापेक्षा काठावर साठी-सत्तरीचं कुणी जाळं विणत बसलेलं असेल तिथे जाऊन बसावं आणि, “काका, खोली किती?” असं न विचारता, “काका, इथे खाली काय होतं?” असं विचारावं. तो आधी तुमच्या कयाकचा भाव विचारील. तो सांगून झाला, त्याने मान हलवून झाली, की मग मारुतीच्या देवळापासून सुरुवात करून चावडी, आड, कुणाकुणाची चिंच असं करत तो विहिरीवर येईल. विहीर कुठे, म्हटलं की हात सरळ पाण्याकडे करील. तिथवर जावं, वल्हं मांडीवर आडवं ठेवावं, आणि तो म्हणाला असेल तितके पुरुष मोजून दोरी सोडावी.