दाणापात्र कसे राखावे: खास वर्धेकरांसाठी

पक्ष्यांना दाणे घालण्याचा छंद स्वस्तात पडतो असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दाणे स्वस्तच असतात. महाग पडतं ते पुढचं सगळं: वाकलेली डिश, टाकीचं फुटलेलं झाकण, सरकलेली कवेलू आणि शेजारच्या काकूंशी बिघडलेले संबंध. तेव्हा तुम्ही रामनगरात राहा की पिपरी मेघ्यात, अंगणात दाणापात्र टांगण्याआधी हे मार्गदर्शन एकदा वाचावं. टांगून झालं असेल तर दोनदा वाचावं.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या भाच्याचा सल्ला या बाबतीत घेऊ नये. त्याच्याकडे रॅकून असतो. डोळ्यांवर चोराची काळी पट्टी, पुढच्या पायांची बोटं आपल्या बोटांसारखी चालणारी. रात्री येतो, झाकण उघडतो, खातो आणि जातो. भाचा कॅमेऱ्यात टिपलेला व्हिडिओ पाठवतो आणि खाली लिहितो, 'मामा, फार त्रास आहे हो.' यावर सहानुभूतीचा अंगठा पाठवून मोकळं व्हावं. त्याचा रॅकून रात्रपाळीला येतो, दिवसा भाचा निवांत ऑफिसला जातो. आपल्याकडे तिन्ही पाळ्या भरलेल्या असतात. उजाडलं की खार, ऊन चढलं की वानरं, निजानीज झाली की उदमांजर. मधल्या सुट्टीत पारवे. ज्या चिमणीसाठी हा सगळा खटाटोप, ती यांच्यातून सवड मिळाली तर येते.

सुरुवात खारीपासून करू, कारण तिच्यावर उपाय आहे. लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवून भाबडेपणा करू नका. सेतू बांधताना मदत केली म्हणून रामाने पाठीवर बोटं फिरवली आणि तीन पट्टे उमटले, हे खरं धरलं तरी आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या खारीच्या पाठीवर पट्टे पाच असतात. उरलेले दोन तिने स्वतःच लावून घेतले असावेत, असा तिच्या वागण्यावरून संशय येतो. तारेला टांगलेल्या पात्रावर ती वरून उतरते, मागच्या पायांनी तार धरून उलटी लोंबकळते आणि पुढच्या दोन पायांत दाणा धरून आपल्याकडे बघत सोलते. टरफल बरोबर आपल्या चहाच्या कपाच्या दिशेनं.

उपाय असा. पात्र टांगू नका. लोखंडी पाइपवर बसवा आणि पाइपच्या मध्यावर जुनं घमेलं मधोमध भोक पाडून उलटं अडकवा. खार वर चढते, घमेल्याच्या पोटाखाली येऊन थांबते, जरा विचार करते आणि खाली उतरते. मात्र पाइपच्या आजूबाजूला दहा फुटांत भिंत, फांदी, कपड्यांची दोरी किंवा उभी केलेली मोटरसायकल नको, नाहीतर ती तिथून उडी मारते. वर्ध्यात प्लॉट घेताना चारी बाजूंनी दहा फूट मोकळे कुणी सोडलेले असतात, हे मला अजून कळायचं आहे. पाइपला ग्रीस किंवा ऑइल फासण्याची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. ग्रीस पक्ष्यांच्या पिसांना लागतं आणि पिसं निकामी होतात.

दुसरा उपाय तिखटाचा, आणि तो शास्त्रशुद्ध आहे. मिरचीतला जो पदार्थ आपल्या जिभेला आग लावतो तो पक्ष्यांना जाणवत नाही. पोपट हिरवी मिरची पेरूइतक्या शांतपणे खातो, ते म्हणूनच. सस्तन प्राण्यांना मात्र तो झोंबतो. तेव्हा दाण्यांना तेलाचा हात लावून वर भिवापुरी मिरचीचं तिखट चोळलं की चिमण्या खातात आणि खार पळते, असं शास्त्र म्हणतं. हे शास्त्र लिहिलं गेलं ते विदेशी खारींना समोर ठेवून. नागपूरपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर, सावजीच्या रश्शाची खरकटी भांडी जिथे रात्रभर मोरीत पडलेली असतात, तिथल्या खारीला ते लागू पडेलच याची हमी कंपनी देत नाही.

आता वानरं. इथे जरा बसून बोललं पाहिजे.

पहिली गोष्ट, वानरं दाण्यांसाठी येत नाहीत. दाणे हे निमित्त. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं आपलं वानर मूळचं पाला खाणारं. त्याच्या पोटात कप्पे असतात आणि गाईगुरांसारखा त्यात पाला आंबवून पचवला जातो. वड, पिंपळ, उंबर आणि चिंच मिळाली की त्याचं भागतं. पण एप्रिल लागला, पारा पंचेचाळिसाकडे निघाला, रानातली पानं गळाली आणि नाले आटले, की टोळीचा मोर्चा गावाकडे वळतो. गावात पाणी असतं, जास्वंदीच्या कळ्या असतात, शेवग्याचा कोवळा पाला असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत वर्धा जिल्ह्यातल्या समस्त गच्च्यांवर मुंगवड्या, कुरड्या आणि सरगुंडे वाळत घातलेले असतात. टोळी तुमच्याकडे चिमण्यांचे दाणे बघायला उतरते आणि तिथून शेजारची गच्ची दिसते. यालाच काकू म्हणतात, "तुमच्या चिमण्यांपायी माह्या मुंगवड्या गेल्या न बापा!"

हे कसं होतं ते एकदा जवळून पाहून ठेवा, पंचनाम्याला उपयोगी पडतं. आधी हुप्प्या येतो आणि टाकीवर बसतो. तो काही खात नाही, नुसता बसतो. शेपूट खाली सोडलेली, हात गुडघ्यांवर, चेहरा तहसील कचेरीतल्या मोठ्या साहेबासारखा. मग पोरांना पोटाशी धरून माद्या उतरतात. त्यातली एक जुन्या सुती साडीवर वाळत घातलेली मुंगवडी उचलते, हुंगते, तोंडात घालते, थुंकते. मग दुसरी उचलते, की बहुधा ही चांगली असेल. तीही थुंकते. असं करत सगळी साडी तपासून होते. वड्या खाल्ल्या असत्या तर काकूंना निदान दाद तरी मिळाली असती.

बंदोबस्ताचे प्रचलित प्रकार पुढीलप्रमाणे. कुत्र्यांसाठी फाटकापाशी लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात, तशा वानरांसाठी गच्चीवर ठेवणारे लोक आहेत. वानरं त्या उघडून बघतात. जत्रेतला कापडी वाघ कठड्यावर बसवणं हा दुसरा प्रकार. बोर व्याघ्र प्रकल्प जिल्ह्यातच असल्याने इथल्या वानरांना वाघ म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे. अर्थात वाघ कशाला म्हणत नाहीत तेही ठाऊक आहे. पहिल्या दिवशी ती लांबून खाकरतात, चौथ्या दिवशी वाघाच्या मिशा उपटलेल्या सापडतात. सुतळी बॉम्बला पहिल्या वेळी टोळी पळते, पण वाटेत कवेलू फोडत पळते. मिरगाआधी छप्पर फेरायला माणूस मिळत नाही, त्याचा हिशेब बॉम्बच्या किमतीत धरावा. गुलेर हातात घ्यायची तर आधी घरातल्या आजीची परवानगी काढावी. तुम्ही नेम धरत असता आणि मागे आजी हात जोडून 'मारुतीराया' म्हणत असते. एकाच अंगणातून हल्लाही होतो आणि आरतीही. वानरं यातून सोयीचा अर्थ काढतात.

धर्मसंकटाचा प्रश्न निघालाच आहे तर शेजारच्या सेवाग्रामला विचारू. बापूकुटीतली तीन माकडं सगळ्यांना माहीत आहेत. ती शहाणी होती, तोंड, कान, डोळे झाकून गप्प बसत. चौथं, जे दोन्ही हात मोकळे ठेवून शेतात शिरतं, त्याच्याबद्दल गांधीजींनी काय लिहिलं ते फारसं कुणी सांगत नाही. वानरांच्या उपद्रवाने साबरमतीचा आश्रमही हैराण होता आणि 1928 मध्ये त्यांनी त्यावर जाहीर चर्चा केली होती. पुढे मे 1946 च्या 'हरिजन'मध्ये तर त्यांनी स्पष्टच लिहिलं की मुंग्यांना, माकडांना, कुत्र्यांना खाऊ घालणं आपल्याला चूक वाटतं, आणि माणसाच्या जगण्यावर उठलेल्या माकडांचा नाश क्षम्य आहे. अहिंसेच्या पुजाऱ्याचं हे मत ऐकून तुम्ही उत्साहाने काठी शोधायला उठला असाल तर बसा. ते शेतकऱ्याच्या पिकाबद्दल बोलत होते, तुमच्या हौसेच्या बाजरीबद्दल नव्हे. त्यांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग आपल्यासाठी आहे: खाऊ घालू नका. शिवाय मध्ये 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आहे. वानराला मारणं, पकडणं, पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडणं यातलं काहीही आपल्या अधिकारात नाही. दुसऱ्या गावचे लोकही मग त्यांची पोती आपल्याकडे आणतात, हा मुद्दा वेगळा.

सेवाग्रामच्याच आश्रमात एक वस्तू अवश्य पाहावी: साप धरायचा लाकडी चिमटा आणि साप ठेवायची पेटी. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा, हा तिथला शिरस्ता. दाणापात्रवाल्याने ती मन लावून पाहावी, कारण त्याची गाठ तिथवर जाऊन पडणार आहे. ती कशी, ते क्रमाने सांगतो. पक्षी खाताना अर्धे दाणे खाली सांडतात. सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येतात. उंदरांवर धामण येते, आणि धामण येते तिथे नागालाही वाट सापडते. चिमणी दिन 20 मार्चला हौसेने सुरू केलेला उपक्रम मृगापर्यंत सर्पमित्राच्या फोन नंबरवर येऊन थांबतो.

रात्रपाळीचा दुसरा पाहुणा उदमांजर. विदर्भात पुष्कळ जण त्याला मसन्याऊद म्हणतात आणि थडगी उकरत असल्याच्या कथा सांगतात; प्रत्यक्षात ते पिकलेला चिकू, पपई, केळं आणि अधूनमधून उंदीर खाऊन गुपचूप माळ्यावर झोपतं. भाच्याच्या रॅकूनच्या सर्वांत जवळचा आपला हाच उमेदवार. पक्ष्यांसाठी फळांच्या फोडी ठेवत असाल तर त्या संध्याकाळी उचला, एवढाच त्याच्यावरचा इलाज. माळ्यावर थपथप वाजलं म्हणून मांत्रिक बोलावू नका.

आता मूळ प्रश्न, की हे सगळं करायचं कुणासाठी. 2018 मध्ये वर्ध्यात रीतसर मतदान घेऊन शहरपक्षी निवडला गेला आणि नीलपंख निवडून आला. नीलपंख तारेवर बसतो आणि खाली उतरून किडे, नाकतोडे उचलतो. आपल्या दाण्यांशी त्याला काही देणंघेणं नाही. बुलबुलाला फळं आणि किडे लागतात, तांबटाला वडा-उंबराची फळं, शिंजिराला फुलांतला मध. दाणे खाणारे म्हणजे चिमण्या, होले, मुनिया आणि पारवे, आणि त्यांतल्या पारव्यांना मदतीची गरज असल्याचं त्यांच्याकडे बघून वाटत नाही. पिलांना भरवताना तर चिमणीही अळ्याच शोधते.

म्हणून या मार्गदर्शनाचा निकाल असा: पात्र काढून ठेवा. फारच हौस असेल तर सकाळी मूठभर ज्वारी किंवा तांदळाची कणी टाका, तासाभरात अंगण झाडून घ्या. शेव, फरसाण, बिस्किटं कुणालाच घालू नका. पक्ष्यालाही नको आणि वानराच्या त्या कप्प्यांच्या पोटाला तर मुळीच नको. सुगीत ज्वारीच्या कणसांची जुडी ओसरीच्या आढ्याला टांगायची जुनी रीत अधिक बरी. दाणे कणसात धरलेले असल्याने सांडलवंड कमी आणि वानराचा हात आढ्यापर्यंत सहसा पोचत नाही. पाणी मात्र मार्च ते जून रोज ठेवा, मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, आणि भांडं रोज घासा. ते वानर प्यायलं तरी हरकत घेऊ नका, वर्ध्याच्या मे महिन्यात तहानेला जात नसते. जागा असेल तर उंबर लावा, नसेल तर कुंपणाला मेंदी तरी लावा. चिमण्यांना दाण्यांपेक्षा लपायला जागा हवी असते. काकूंकडे एक किलो मुगाची डाळ पोचती करा.

जखमी वानर, घरात शिरलेलं उदमांजर किंवा विहिरीत पडलेला कुठलाही प्राणी दिसला तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. खारीने दाणे खाल्ल्याची तक्रार तिथे नोंदवून घेत नाहीत.