बटरटब्जचा घाट आणि तुमचे चिरंजीव

लीड्स, जूनअखेर

ती. आईंना,


हे पत्र मुद्दाम कागदावर लिहिते आहे. घरच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर तुमच्या चिरंजीवांनी वाचलं असतं, आणि मग मला खरं काही लिहिता आलं नसतं.

तुम्ही परवा फोनवर विचारलंत, फोटोत तो असे तंग, चकचकीत कपडे घालून कुठल्या नाटकात काम करतोय? आई, नाटक नाही, ते सायकलिंग आहे. चड्डी लायक्राची असते, बसायच्या जागी आतून गादी शिवलेली असते, आणि तिच्या किमतीत वाईच्या बाजारात एक अख्खी सायकल आली असती, घंटीसकट. बूट पॅडलमध्ये खटकन अडकतात. थांबायच्या आधी टाच बाहेर फिरवून ते सोडवून घ्यायचे असतात. सुरुवातीला एकदा हे सिग्नलला थांबले, टाच फिरवायची राहिली, आणि उभ्याउभ्या, अगदी सावकाश, कुणाला तरी नमस्कार करावा तसे डावीकडे आडवे झाले. लागलं काही नाही. तेव्हा तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही दृष्ट काढायला सांगितली असतीत, आणि इथे मिरच्या जाळल्या की धुराचा अलार्म वाजतो.

पण सगळा दोष यांच्यावर टाकून चालणार नाही. इथल्या पाण्यातच आहे ते. 5 जुलै 2014 ला 'टूर द फ्रान्स' ही शर्यत फ्रान्सऐवजी आमच्या लीड्सहून निघाली. आम्ही तेव्हा इथे नव्हतो, पण शेजाऱ्यांकडून इतकं ऐकलंय की मी साक्ष देऊ शकेन. हेअरवुडच्या वाड्यासमोर राजघराण्याच्या सूनबाईंनी, म्हणजे केटने, फीत कापली आणि सगळे डोंगराकडे सुटले. हॅरोगेटमध्ये लोकांनी चिमुकल्या जर्सी विणून गावभर तोरणं लावली होती. त्या दिवशीच्या अगदी शेवटी मार्क कॅव्हेंडिश, इंग्रजांचा अगदी लाडका, आपटला. आणि आपटला कुठे, तर हॅरोगेटला, ऐन आजोळी. यांच्या मनात मात्र ठसला येन्स फोग्ट नावाचा जर्मन. घाट चढण्यात पुढे असणाऱ्याला ठिपक्याठिपक्यांची जर्सी देतात, ती त्या दिवशी त्याला मिळाली, वयाच्या 42व्या वर्षी. "बेचाळिसाव्या वर्षी!" असं हे मला अजून ऐकवतात. तो गृहस्थ सतरा वर्षं पोटासाठी तेवढंच करत होता, हे मी आठवण करून देते. मग आम्ही विषय बदलतो.

त्या शर्यतीतला एक घाट म्हणजे बटरटब्ज. गेल्या रविवारी गाडीच्या मागे सायकली बांधून आम्ही हॉजला गेलो. हॉज म्हणजे हजार-अकराशे वस्तीचं बाजाराचं गाव. गावाबाहेर पडलं की साडेचार किलोमीटरची चढण, सरासरी सात टक्क्यांच्या जवळ, आणि मध्ये मध्ये रस्त्याला एकदम राग आल्यासारखा वीसच्या आसपास. घाटमाथा 526 मीटर. आता ऐका: आपली वाई सातशे मीटरच्या वर आहे. म्हणजे हे जीव तोडून चढून जिथे पोचतात आणि दोन्ही हात वर करून फोटो काढून घेतात, ती जागा आपल्या ढोल्या गणपतीच्या पायरीपेक्षाही खाली आहे. हे मी यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तरी हसू नका हो. आपला पसरणी घाट गाडी चढेल अशा बेताने, वळणं घेत घेत काढलेला आहे. इथले बरेच रस्ते मुळात ओझ्याच्या तट्टांच्या वाटा. तट्टू सरळ चढलं, वाट सरळ गेली, पुढे त्याच वाटेवर डांबर पडलं. त्यात दोन्ही बाजूंना आमच्या कोकणातल्यासारखे नुसते दगडावर दगड रचलेले गडगे, आणि वर गेलं की तेही संपतात. मग मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या. काळं तोंड, पांढरं नाक, वळलेली शिंगं, अंगावर मालकाची निळी-तांबडी रंगखूण. आपला माणूस धापा टाकत येतोय हे त्यांना दिसतं, पण उठत नाहीत. हेच वळसा घालून गेले.

माथ्याजवळ रस्त्याला लागूनच चुनखडीच्या दगडात वीसेक मीटर खोल विवरं आहेत. पूर्वी बाजाराला निघालेले शेतकरी इथे दम खायला थांबत आणि तोवर लोणी वितळू नये म्हणून दोराने त्या विवरांत सोडून ठेवत, अशी गोष्ट सांगतात. लोणी वितळण्याइतकं ऊन इथे कधी पडलं असेल, यावर माझा विश्वास नाही. आम्ही गेलो तेव्हा जून महिन्यात माझी बोटं बधिर झाली होती.

हो, 'आम्ही'. तुम्हाला अजून सांगितलं नाही, मी इलेक्ट्रिक सायकल घेतली आहे. कायद्याने मोटर 250 वॅटची, आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे ती मदत करणं बंद करते. त्यामुळे उतारावर हे माझ्या पुढे जातात आणि त्यांचा मान राहतो. चढावर मात्र मी बटण दाबलं, सलवार-कुडत्यात, घाम न येता यांच्या शेजारी गेले, आणि खिशातली आलेपाकाची वडी पुढे केली. यांनी ती घेतली. बोलायला श्वास नव्हता.

ही युक्ती माझी नाही, लीड्सच्याच बेरिल बर्टनची. तुमच्याहून थोडी मोठी असती, 1937चा जन्म. रेवाचिनीच्या, म्हणजे रुबार्बच्या, मळ्यात मजुरी करायची आणि उरलेल्या वेळात सायकल. 1967 साली बारा तासांत जास्तीत जास्त अंतर कापायच्या शर्यतीत पुरुष आधी सोडले होते, बायका मागून. सगळ्यांना मागे टाकत ती पहिल्या नंबरच्या पुरुषापर्यंत पोचली. तोही त्या दिवशी पुरुषांचा विक्रम मोडत होता, बिचारा. त्याला ओलांडून जाताना हिने ज्येष्ठमधाची गोळी दिली, आणि त्यानेही घेतली. तिचं अंतर भरलं 277.25 मैल, म्हणजे साडेचारशे किलोमीटरला थोडं कमी. बायकांचा तो विक्रम पुढे पन्नास वर्षं कुणाला मोडता आला नाही. ही गोष्ट मला यांनीच मोठ्या कौतुकाने सांगितली होती. वडी हातात पडल्यावर यांना ती आठवली असावी, कारण तोंड जरा वाकडं झालं.

घाट उतरला की थ्वेट, मग मुकर. मुठीएवढी दगडी गावं. मुकरभोवतीची कुरणं जूनमध्ये पिवळ्या-जांभळ्या फुलांनी भरलेली असतात, आणि फुलांचं बी पडावं म्हणून तिथलं गवत लवकर कापत नाहीत. तिथे चहा झाला, सोबत फळांचा केक आणि त्यावर वेन्स्लीडेल चीजचा तुकडा. केकवर चीज! मी नाक मुरडलं होतं, पण गुळावर तूप घालणाऱ्यांनी फार बोलू नये. दुसरा तुकडाही मीच खाल्ला.

शेजारच्या बाकावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्याने यांना नाव-गाव-पगार विचारलं नाही, मागच्या चक्राला दाते किती ते विचारलं. चौतीस, असं कळल्यावर मान हलवली. ती शाबासकी होती की कीव, कळलं नाही. पण पुढे अर्धा तास दोघं दात्यांवर बोलत होते. आई, हा माणूस घरी 'हं' आणि 'बघू' याच्यापलीकडे बोलत नाही, तुम्हाला माहीतच आहे. परतीला ऑक्सनॉपच्या चढावर हे उतरून चक्क सायकल ढकलत आले. मी वळून पाहिलं तर म्हणाले, फोटो काढायला थांबलो होतो. फोन माझ्याकडे होता.

तेव्हा त्याला समजावू का, असंही तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर: समजावा असं मी म्हणणार नाही. साखर उतरली आहे, डॉक्टरीणबाई खूश आहेत, आणि रविवारी दुपारी घराच्या कर्जाच्या व्याजाचं कोष्टक उघडत नाहीत, गाढ झोपतात. तुमच्या नातीला मात्र वडिलांच्या चड्डीची भयंकर लाज वाटते. शाळेच्या रस्त्यावरून जायचं नाही, असा तिने कायदा केला आहे.

आता कामाचं. दिवाळीला येताना सायकल खोक्यात भरून आणायची आणि पसरणी घाट चढायचा, असा यांचा बेत आहे. खोकं धरून तेवीस किलो भरतं, म्हणजे एक अख्खी बॅग गेली. येताना बॅग गेली तर मला दुःख नाही; जाताना ती माझी भाजणी, गोडा मसाला आणि कुरडया यांची आहे. त्यामुळे तिथेच कुणाची तरी सायकल बघून ठेवा. गिअर नसले तरी चालतील, यांना मात्र आधी सांगू नका. आणि बाबांना सांगा, घाटात गाडी घेऊन मागे जायचं असेल तर जा, पण हॉर्न वाजवू नका.

येणाऱ्या कुणाबरोबर आलेपाक पाठवा. जास्त पाठवा.

तुमची
सूनबाई