भेंडीचा शेंडा

भाजी टिकवण्याच्या बाबतीत भंडाऱ्यात माझा हात धरणारा कोणी नसावा. 'नसावा' हे विनयाने म्हटलं. निवृत्तीनंतर माणसं कीर्तनाकडे, शेअर बाजाराकडे किंवा पोटाच्या तक्रारींकडे वळतात; मी सांबाराकडे वळलो, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीकडे. जुडी आणली की पिवळी काडी काढायची, पाणी लावायचं नाही, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. कांदा आणि बटाटा शेजारी नकोत. पिकलेल्या केळ्यातून, टोमॅटोतून इथिलीन वायू निघतो आणि पालक पिवळा पडतो, म्हणून त्यांची बिऱ्हाडं वेगळी. ही माहिती मी आल्यागेल्याला देतो. हल्ली येणारे कमी झालेत.

घरात नियम एकच: जुनी भाजी आधी. त्यामुळे ताजी भाजी आम्ही ती जुनी झाल्यावरच खातो. "अहो, भाजी टिकवायला आणता की खायला?" असं सौ. विचारते. विज्ञानाला घरातून विरोध व्हायचाच.

मे महिन्यात मी मडकी आणली. पुसाच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत रॉय आणि खुर्डिया यांनी 1980 च्या दशकात विजेशिवाय चालणारा शीतकक्ष काढला होता: विटांच्या दोन भिंती, मध्ये 7.5 सेंटिमीटरची फट, फटीत ओली रेती. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने हेच काम मडक्यात मडकं ठेवून साधलं, वांगी 27 दिवस टिकवून दाखवली आणि रोलेक्स पुरस्कार मिळवला. एक मास्तर, दोन मडकी आणि घड्याळवाल्यांचा पुरस्कार! मी मास्तर होतोच. राहिली मडकी, ती बाजारात मिळतात.

रेती वैनगंगेची. आमच्या जिल्ह्यात घमेलंभर रेती घेऊन निघालेल्या माणसाकडे लोक वेगळ्याच आदराने बघतात. शेजाऱ्याने हळूच विचारलं, "सर, कोणता घाट?"

खरं तर हे तत्त्व विदर्भातल्या माणसाला नायजेरियातून कळायची गरज नव्हती. होळी झाली की आमच्याकडे कूलर निघतो. इथे जरा थांबतो, कारण कूलरविषयी बोलायची संधी मी सोडत नाही. पत्र्याचा, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसलेला, बाराही महिने रंग उडालेला हा गृहस्थ उन्हाळ्यात घराचा कर्ता असतो. पहिल्या दिवशी खसच्या ताट्या भिजल्या की जो वास येतो, त्यापुढे अत्तर खोटं. टाकीत पाणी भरायची पाळी कोणाची, यावर सख्खे भाऊ अबोला धरतात. मोटर नेमकी रात्री दोनला अडकते आणि पाठीवर थाप मारली की सुरू होते. ही थाप पिढीजात असते, जावयाला जमत नाही. "चप्पल घातल्याशिवाय हात लावू नको" हा वडिलांनी मला दिलेला एकमेव उपदेश मी आजतागायत पाळतो. आणि कूलरच्या ऐन समोर कोणाची गादी पडते, त्यावरून घरात सत्ता कोणाची ते कळतं. माझी गादी दाराशी असते.

तर सांगत काय होतो, मे महिनाभर माझी वांगी मडक्यात पाहुण्यांसारखी कूलरसमोर झोपली. पुढे मृग लागला, हवेलाच पाणी जड झालं, रेतीतलं पाणी उडेना आणि मडकं नुसतं मडकं उरलं. मी त्याला दोष दिला नाही. जुलैत आमचा कूलरही तेच करतो.

संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार भारतीय घरांत माणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जातं. हा आकडा मी नेहमीच्या भाजीवाल्या बाईंना ऐकवला. त्या सांबारावर पाणी शिंपडत होत्या. ओला सांबार लवकर सडतो, हेही समजावलं.

"मले मालूम हाय जी, सर," त्या म्हणाल्या. "पन सुका दिसला तं कोनी हात लावत नाही."

यावर माझ्याकडे फडकं नव्हतं. माल सडणार हे जाणून ती बाई दिवसभर तो भिजवत बसते, कारण गिऱ्हाइकाला पानावर थेंब चमकताना हवा. घरी मी त्याच जुडीला पाण्याचा थेंब लागू देत नाही. अंधार पडला की वाट्याचा ढीग होतो, ढिगाचा भाव पडतो, तरी उरलेलं गाईपुढे जातं. परत न्यायला ऑटोचं भाडं परवडत नाही. लुधियानाच्या केंद्रीय संस्थेने 2015 साली मांडलेल्या हिशेबात, शेतातून निघून विकला जाईपर्यंत देशातला 12.44 टक्के टोमॅटो वाया जातो. त्यात दाबून बघणाऱ्या अंगठ्यांचा वाटा किती, हे कोणी मोजायला हवं होतं. लोक फार दाबतात. मला चीड येते.

मी दाबत नाही. मी भेंडीचा शेंडा मोडतो. कट् असा आवाज आला तर कोवळी, नुसती वाकली तर जून. या परीक्षेत माझं बोट अचूक आहे आणि मी एकेक भेंडी तपासूनच घेतो. बाजूचे गिऱ्हाईक थांबून बघतात, मग मी दोन जास्तीच्या मोडतो.

परवा बाईंनी पोत्याखालून एक वाटा काढून माझ्या पिशवीत ओतला. सगळ्या बिनशेंड्याच्या, टोकं काळी पडलेल्या.

"हे कोणाचं?"

"तुमचंच जी. मागच्या बाजाराचं. घ्या, तुमच्या घरी टिकते म्हनता ना."

मी पाच रुपये कमी करायला सांगितले. बाईंनी ऐकलं नाही.