अठरा हजार डॉलरचा सत्कार

शिरवळच्या चौकात वाढदिवसाच्या दोन फ्लेक्सच्या मधोमध सध्या तिसरा एक फ्लेक्स झळकतो आहे. ‘अमेरिकेतील नामांकित विद्यापीठाची 18,000 डॉलरची स्कॉलरशिप पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ पटकावणाऱ्या पोराचा फोटो पासपोर्ट साइजचा, शुभेच्छुकांचे त्याच्या चौपट. सगळ्यात मोठा फोटो अर्थातच ज्यांनी फ्लेक्सचे पैसे भरले त्यांचा. विद्यापीठाचं नाव मात्र कुठेच नाही. फ्लेक्सवाल्याचं म्हणणं असं की नाव लांबलचक होतं. घातलं असतं तर दोन शुभेच्छुक कापावे लागले असते.

18,000 हा आकडा लक्षात ठेवा. कारण लोणंदच्या पोरीलाही 18,000च मिळाले आणि भाद्याच्या पोरालाही 18,000च. पोरीला बारावीला 91 टक्के, पोरगं गणितात काठावर सुटलेलं. इतकी समता आमच्या तालुक्यात पाण्याच्या पाळीतसुद्धा कधी दिसली नाही.

आता हे नामांकित प्रकरण काय आहे ते बघू. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांची छापील फी 2024-25 साली सरासरी 43 हजार डॉलरच्या घरात होती. छापील म्हणायचं कारण, ती भरणारा माणूस तिथे शोधावा लागतो. पहिल्या वर्षाला येणाऱ्या त्यांच्याच मुलांना ही कॉलेजं सरासरी निम्म्याहून जास्त फी सोडतात आणि त्या सोडण्याला स्कॉलरशिप म्हणतात. दिवाळीच्या सेलमध्ये 2,999वर लाल काट मारून 1,499 लिहिलेलं असतं, तसलाच हा मामला. ‘पंधराशे रुपयांची सूट पटकावल्याबद्दल चि. अमुक यांचं अभिनंदन’ असा फ्लेक्स अजून तरी पाहण्यात नाही. पण तालुका आमचा आहे, सांगता येत नाही. आणि गंमत पुढेच आहे. 43 हजारांत 18 हजार म्हणजे बेचाळीस टक्के. तिकडच्या पोरांना निम्म्याहून जास्त सुटतात, आमच्याला बेचाळीस टक्के. म्हणजे सरासरीपेक्षा कमी सूट घेऊन आलेल्या पोराची आम्ही चौकात मिरवणूक काढली. हलगी वाजली, फेटे बांधले गेले, एका शुभेच्छुकाने भाषणात ‘अमेरिकेने आपल्या मातीची दखल घेतली’ असंही सांगितलं. दखल घेतलीच आहे. मातीचीच घेतली आहे. त्यावर येतोच.

फ्लेक्सवरच्या पोराच्या वडिलांनी, आपण त्यांना आबा म्हणू, परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराकडे जाऊन सरळ विचारलं होतं, “सर, स्वस्तातलं एखादं दाखवा.” पहिल्या मजल्यावर एसी ऑफिस, कोपऱ्यात प्लास्टरची स्वातंत्र्यदेवता, तिच्या मशालीत बल्ब. सल्लागाराने अकरा नावांची यादी पुढे सरकवली. “अंकल, सगळी अफोर्डेबल आहेत. सगळीकडे स्कॉलरशिप.”

“मग आमी भरायची किती?”

“अंकल, आधी स्कॉलरशिप बघा ना! अठरा हजार डॉलर म्हणजे सोळा लाख रुपये. एवढे कोण देतं आजच्या जमान्यात?”

प्रश्न भरायचे किती हा होता, उत्तर मिळायचे किती हे आलं. आबांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, कारण तेवढ्यात सल्लागाराने फॉर्मवरच्या पत्त्यातला तालुका वाचला. “वाव, खंडाळा! मग बंगला असेल तुमचा!”

हे एक जन्माचं दुखणं आहे, आणि मधेच सांगितल्याशिवाय राहवत नाही. अहो, ते खंडाळं बोरघाटातलं, पुणे-मुंबई रस्त्यावरचं. आमचं पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकीच्या पायथ्याला. तिकडे लोक धुकं बघायला थांबतात. इकडे घाटात ट्रक आडवा झाला म्हणून थांबतात. तिकडे भजी, चिक्की आणि हनिमून. आमच्याकडे कारखान्यांच्या बसगाड्या, लोणंदच्या कांद्याचा भाव आणि कालव्याला पाणी कधी सुटणार याची चर्चा. एका सिनेमाच्या गाण्याने आमची ओळख अशी काही पुसली की स्थळं बघायला आलेले पाहुणेसुद्धा आधी विचारतात, “व्ह्यू कुठून दिसतो?” कुरियर लोणावळ्यापर्यंत जाऊन परत येतं. तर सल्लागाराने आबांना हिल स्टेशनचे मालक ठरवलं आणि यादीतल्या खालच्या, कमी फीच्या तीन नावांवर स्वतःच्या हाताने काट मारली. “ही तुमच्या लेव्हलची नाहीत, अंकल.”

आता जो हिशेब फ्लेक्सवर नाही, तो करू. 43तून 18 गेले, उरले 25 हजार. राहणं, खाणं, विमा आणखी पंधरा धरा. चाळीस हजार डॉलर. डॉलरला 90 रुपये मोजले तर 36 लाख. वर्षाला. पदवी चार वर्षांची. वर व्हिसाच्या अर्जाचे 185 डॉलर आणि विद्यार्थी नोंदणीचे 350, व्हिसा नाकारला तरी दोन्ही बुडीत. त्यावर कुणी स्कॉलरशिप देत नाही.

पैसे दाखवायची वेळ आली तेव्हा सातबारा निघाला. शिरवळच्या कारखान्यांनी जमिनीला भाव आणलेला, त्यामुळे सी.ए.च्या दाखल्यात आबा कागदोपत्री करोडपती झाले. तोच सातबारा घेऊन ते बँकेत शैक्षणिक कर्जाला गेले, तर साहेब म्हणाले, शेतजमीन तारण चालत नाही. एनए प्लॉट किंवा शहरातला फ्लॅट आहे का? शेवटी रस्त्याकडेचा एक एकर विकला. व्हिसाच्या खिडकीपुढे आणखी तिसराच न्याय. 1952 सालच्या अमेरिकी कायद्यात कलम 214(बी) आहे. त्यानुसार प्रत्येक पोरगं कायमचं राहायलाच आलं आहे असं धरून चालायचं आणि परत जाणार हे पोराने पटवून द्यायचं. परत येण्याचा पुरावा काय? तर घरदार, गावाकडची जमीन. ती विकूनच तर पोरगं तिथे उभं असतं!

इथपर्यंत मला हसू येत होतं. पुढचं कळल्यावर थांबलं.

सल्लागार आबांकडून एक रुपया घेत नाही, ‘सेवा मोफत’ अशी पाटी आहे. कारण पैसे त्याला तिकडून येतात. पोराने भरलेल्या पहिल्या वर्षाच्या फीचा ठरावीक हिस्सा. पंधरा टक्के धरले तर 25 हजारांवर साडेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे उरलेली फी जेवढी जास्त, तेवढी सेवा मोफत. आता हे ऐका. असा माणशी कमिशनचा धंदा अमेरिकेत त्यांच्या स्वतःच्या मुलांवर करायला बंदी आहे. 1992 साली त्यांनी कायदा केला, की जी संस्था सरकारी विद्यार्थी मदतीचे पैसे घेते तिने प्रवेशामागे कुणालाही कमिशन किंवा बोनस द्यायचा नाही, कारण दलाल पोरांना नको तिथे ढकलतात हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. आणि त्याच कलमात पुढे अपवाद लिहून ठेवला, की परदेशात राहणाऱ्या परदेशी मुलांना हे लागू नाही. स्वतःच्या पोरांसाठी जे विष, ते आमच्या पोरांसाठी चालतं! आणि त्यांना तरी का बोल लावा? त्यांनी आपल्या लेकरांची काळजी केली. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसचं उद्घाटन करायला, फीत कापायला, पेढे खायला आणि शेजारी उभं राहून फोटो काढायला झाडून सगळे हजर असतात. आबांचा एक एकर गेला त्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या बाकावर मात्र ते एकटेच बसले होते.

स्वस्त अमेरिका अगदीच नाही असं नव्हे. तिथली कम्युनिटी कॉलेजं आहेत. दोन वर्षं कमी फीत काढून पुढे मोठ्या विद्यापीठात जाता येतं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या संस्था परदेशी मुलाचीही ऐपत न बघता प्रवेश देतात आणि कमी पडेल तेवढे पैसे स्वतः घालतात. तिथे गणितात काठावर सुटून भागत नाही, हेही खरं. आणि एम.एस्सी. झालेल्या, प्रयोगशाळेत रमणाऱ्या पोरांसाठी पीएच.डी. आहे: शिकवण्याचं किंवा संशोधनाचं सहायकपद मिळालं की फी माफ, वर महिन्याला विद्यावेतन. 2025पासून तिथल्या संशोधनाच्या पैशाला कात्री लागल्याने जागा कमी झाल्या आहेत, पण संपलेल्या नाहीत. बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास संपते आणि अर्ज घरी बसून स्वतःला भरता येतो. सल्लागाराला यातलं विचारू नका. त्याला त्यात काही सुटत नाही.