छताशी संधान

टीव्ही इतके सडपातळ झाले की स्पीकरला तोंड पुढे काढायला जागाच उरली नाही. तो बिचारा भिंतीकडे नाहीतर जमिनीकडे बघत बोलतो. म्हणून मग साउंडबार. दुकानदार 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' म्हणतो आणि गिऱ्हाईक आदराने वर बघतं. बघावंच, कारण वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात. त्यासाठी छत सपाट आणि टणक लागतं. आपल्या हॉलमध्ये मात्र पीओपीचं तीन पायऱ्यांचं कमळ, मधोमध झुंबर, कडेने निळी पट्टी! चित्रपटातला पाऊस त्या कमळातच मुरतो. शिवाय बार टीव्हीच्या बुडाशी चिकटवून ठोकला, की वरचे स्पीकर टीव्हीशीच बोलत बसतात. वर मोकळी जागा ठेवा असं पुस्तिकेत असतं, पण पुस्तिका रद्दीत. ईएआरसीचं एचडीएमआय भोक सोडून जुनी ऑप्टिकल वायर खुपसली, तर अ‍ॅटमॉस दारातूनच परत. सबवूफरची कीर्ती तेवढी खालच्या मजल्यावर लगेच पोचते.

एवढं करून लागतं काय? सासू-सुनेची मालिका. आजी म्हणतात, "काही कळत नाही रे, मोठा कर!" संवाद स्पष्ट करणारं बटण रिमोटवर आहे, रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत.